पडद्यासमोर पाट्या टाकणारी मुलं

कॉम्प्युटरच्या तासाला मी मुलांचे पडदे नंतर पाहते, आधी हात पाहते. माउसवरचं बोट एकाच लयीत पडत असेल आणि डोळे प्रश्नाच्या शेवटच्या शब्दापर्यंत पोचत नसतील, तर ते मूल अभ्यास करत नाही हे चार पावलांवरून कळतं. त्याच वेळी पलीकडे दोघी खिदळत असतात. एक जण पेंट उघडून अख्खा पडदा तांबड्या रंगाने भरत असतो. वर्गात अचानक आलेला मोठा माणूस, मग तो मुख्याध्यापक असो, तपासणीला आलेला अधिकारी असो की कुणाचे वडील, आधी या तिघांवर ओरडतो. बोट चालवणारं मूल ताठ बसलेलं असतं. नजर समोर, तोंड बंद. त्याला ‘गुड’ म्हणून तो पुढे जातो. मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे की सर्वांत मोठं नुकसान त्या ‘गुड’ मुलाचं होतं.

आमचं घर मूळचं अंबरनाथचं. यजमान तिथल्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत होते. तिथून बदली होऊन ते आवडीच्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत आले आणि मी इथल्या शाळांमधून गणित आणि कॉम्प्युटर शिकवायला लागले. आवडी चेन्नईच्या पश्चिमेला, लोकलने पाऊण-एक तासावर. जुन्या वाचकांना हे नाव १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे आठवत असेल. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला तो इथे. १९६१ मध्ये रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला, विजयंता इथे बनला, पुढे टी-७२ आणि अर्जुन. जवळच रणगाड्यांची संशोधन संस्था, सैनिकांचे कपडे शिवणारा कारखाना, हवाई दलाचं ठाणं, केंद्रीय राखीव पोलीस दलाचा तळ. यातल्या बहुतेकांच्या आवारात केंद्रीय विद्यालय आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातले आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले, तेव्हा अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि आवडीचे रणगाड्यांचे कारखाने एकाच कंपनीत आले, आणि त्या कंपनीचं मुख्यालय आवडीत आहे. कारखान्या-कारखान्यांतल्या बदल्यांमुळे इथल्या क्वार्टर्समध्ये अंबरनाथ, वरणगाव, देहूरोड, खडकी, नागपूर अशा गावांची नावं रोज कानावर पडतात.

हे एवढं सांगितलं, कारण आवडीच्या वर्गाचा स्वभाव बदल्यांनी ठरतो. एका बाकावर तमिळ मुलगी, तिच्या शेजारी बिहारचा मुलगा, मागे तेलुगू आणि मराठी. कुणी जूनमध्ये आलेलं, कुणी ऑगस्टमध्ये, कुणी ऐन डिसेंबरच्या पावसात. राज्य मंडळाच्या शाळेतून आलेल्या मुलाचा एक धडा दोनदा होतो आणि दुसरा कधीच होत नाही. अपूर्णांक जुन्या शाळेत दिवाळीनंतर होणार होते आणि नव्या शाळेत ते दिवाळीआधीच होऊन गेलेले असतात. खडू-फळ्याच्या वर्गात अशा मुलाची अडचण बाईंना दिसते, कारण फळ्यापाशी बोलावलं की मूल उभंच राहतं. कॉम्प्युटरसमोर बसवलं की ती दिसेनाशी होते. पडद्यावर काहीतरी हलत असतं, गुण पडत असतात, आणि सगळं बरं चाललंय असं वाटतं.

मुलं काय काय करतात ते आधी सांगते. गणिताच्या बहुतेक प्रोग्राममध्ये प्रश्नाखाली ‘हिंट’चं बटण असतं. पहिली हिंट म्हणते प्रश्न पुन्हा वाच, दुसरी सूत्र आठवून देते, तिसरी अर्धं गणित सोडवते आणि शेवटची थेट उत्तर सांगते. बनवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, अडलेलं मूल अडून राहू नये. पण सहावीतल्या मुलाला पहिल्याच तासात कळतं की बटण भराभर दाबलं की उत्तर खाली येतं. ते लिहायचं, ‘नेक्स्ट’. चार पर्यायांचा प्रश्न असेल तर आधी ‘अ’, मग ‘ब’, मग ‘क’. चौथ्या क्लिकला कुठलाही प्रश्न सुटतो. काही मुलं वर्गातल्या हुशार मुलीला आपलं लॉगिन देऊन ठेवतात. तिचं काम वीस मिनिटांत संपलेलं असतं आणि तिलाही मदत केल्याचं समाधान मिळतं. व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून तो चालू ठेवायचा आणि शेजारच्या टॅबमध्ये चेन्नईच्या सामन्याचा स्कोअर. व्हिडिओ शेवटपर्यंत ‘पाहिला’ अशी नोंद होते. इंटरनेट गेलं की ब्राउझरमधला डायनासोर उड्या मारायला लागतो आणि सगळी लॅब एकदम जिवंत होते.

यातली काही टंगळमंगळ आहे आणि काही पाट्या टाकणं. दोन्हींत मूल शिकत नाही, म्हणून आपण त्यांना एकाच मापाने मोजतो आणि एकच शिक्षा करतो. तसं करू नये, हे मला वर्गात जाणवत होतं. त्यामागचा भक्कम पुरावा मात्र अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधून आला.

तिथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ नावाचा गणिताचा प्रोग्राम तयार झाला होता. मूल एकेक पायरी सोडवतं आणि प्रोग्राम प्रत्येक पायरी तपासतो. रायन बेकर, अल्बर्ट कॉर्बेट, केनेथ कोडिंगर आणि अँजेला वॅग्नर यांनी तो वापरणाऱ्या ७० शाळकरी मुलांचं निरीक्षण केलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. निरीक्षणाची पद्धत मला फार आवडली. निरीक्षक वर्गाच्या कडेला उभा राहायचा, एका मुलाकडे सुमारे वीस सेकंद पाहायचा, मग दुसऱ्याकडे, ठरलेल्या क्रमाने. पाहायचं तेही थेट रोखून नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून, म्हणजे मुलाला आपल्यावर नजर आहे असं वाटू नये. तो कामात आहे, कामाविषयी बोलतोय, इतर गप्पा मारतोय, एकटाच दुसरं काही करतोय, नुसता बसलाय, की प्रोग्रामला फसवून उत्तरं काढतोय, एवढंच टिपायचं.

सुमारे १९ टक्के वेळ मुलं कामाबाहेर होती. प्रोग्रामला फसवण्यात गेलेला वेळ होता जेमतेम ३ टक्के. साधा हिशेब केला तर १९ टक्क्यांची काळजी करावी आणि ३ टक्के सोडून द्यावेत. पण पाठाच्या आधीची आणि नंतरची परीक्षा ताडून पाहिली तेव्हा उलटंच दिसलं. गप्पा मारणं किंवा नुसतं बसणं यांचा शिकण्याशी ठळक संबंध सापडला नाही. फसवून उत्तरं काढणारी मुलं मात्र, तसं न करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच शिकली होती.

असं का व्हावं? माझ्या समजुतीप्रमाणे कारण साधं आहे. गप्पा मारणाऱ्या मुलीचं गणित पडद्यावर तसंच थांबलेलं असतं. पाच मिनिटांनी ती वळते, तेव्हा ते तिथेच असतं आणि तिला ते सोडवावंच लागतं. तिची पाच मिनिटं गेली, गणित गेलं नाही. पाट्या टाकणाऱ्याचं गणितच खर्ची पडतं. ज्या उदाहरणाने त्याला काहीतरी उमगायचं होतं ते उत्तरासकट समोरून निघून जातं, आणि पुढचं त्याहून अवघड असतं, कारण मागचं त्याने केलंय असं यंत्राने धरलेलं असतं. धडा संपता संपता तो इतका मागे पडलेला असतो की आता क्लिक करत राहण्याखेरीज त्याच्या हातात काही उरत नाही.

वेळ गेला तरी चालतो असं कुणी यातून समजू नये. शिकायला जेवढा वेळ लागतो त्यातला किती वेळ मूल खरोखर देतं यावर शिकणं ठरतं, हे जॉन कॅरल यांनी १९६३ मध्येच मांडलं आणि ते आजही खरं आहे. शिवाय टंगळमंगळ करणारा एकटा बुडत नाही. कॅनडात सना, वेस्टन आणि सेपेडा यांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे गुण ११ टक्क्यांनी कमी आले. आणि ज्यांच्या नजरेच्या टप्प्यात असे लॅपटॉप होते, पण जे स्वतः वहीवर लिहून घेत होते, त्यांचे १७ टक्क्यांनी. क्रिकेटच्या स्कोअरची खरी किंमत मागच्या रांगेतली मुलगी मोजते. म्हणून लॅबमध्ये आगगाडीच्या डब्यासारख्या एकामागे एक रांगा लावू नयेत, यंत्रं तीन भिंतींना लावावीत आणि पडदे खोलीच्या मधोमध वळलेले असावेत, असा माझा आग्रह असतो. मुलांना एकमेकांचे पडदे दिसत नाहीत आणि बाईंना सगळे दिसतात.

पाट्या कोण टाकतं, याचं उत्तर पिट्सबर्गच्या निरीक्षणात आहे आणि आवडीच्या लॅबमध्येही. पाठ सुरू होण्याआधीच ज्यांना त्या विषयातलं कमी येत होतं, तीच मुलं फसवण्याकडे जास्त वळली. संशोधकांना आधी वाटलं होतं की गुणांच्या मागे लागलेली मुलं असं करत असतील. पुढच्या अभ्यासांत तसं दिसलं नाही; विषय नावडता असणं, आपणहून पुढे जायची उमेद नसणं, याच्याशी जास्त संबंध दिसला. आळशी, लबाड ही विशेषणं म्हणूनच मला शिक्षकांच्या खोलीत ऐकवत नाहीत. ज्या मुलाला प्रश्नच कळत नाही त्याच्यापुढे दोन वाटा असतात. हात वर करून सगळ्यांसमोर ‘मला येत नाही’ म्हणायचं, किंवा बटण दाबत राहायचं. दहा-अकरा वर्षांचं मूल, नवी शाळा, नवी भाषा, मित्र अजून झालेले नाहीत. ते बटण दाबणार.

डिसेंबरात वरणगावहून आलेला एक मुलगा मला चांगला आठवतो. वागायला अतिशय नेटका. दप्तरातलं पुस्तकही सरळ रेषेत ठेवायचा. लॅबमध्ये त्याच्याविषयी कुणाचीच तक्रार नव्हती. एकदा मी प्रोग्रामची नोंद उघडली. त्यात प्रत्येक प्रश्नापुढे किती सेकंद लागले ते लिहिलेलं असतं. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज होती आणि त्याला एका प्रश्नाला चार-पाच सेकंद लागत होते. मला तो प्रश्न नुसता वाचायला तेवढे लागतात. त्याचे ‘पूर्ण झालेले’ पाठ वर्गात सर्वांत जास्त होते.

मी त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि मराठीत विचारलं, “हे कसं केलंस, मला दाखव बरं.” तो गप्प. मग हळूच म्हणाला, “मिस, छेद वेगळे असले की काय करायचं ते आमच्याकडे शिकवायचं राहिलं होतं.” एवढीच गोष्ट होती. आठवड्याभराच्या कामाने सुटणारी. पण प्रोग्राम त्याला सातवीचे प्रश्न देत होता आणि तो सातवीचे पाठ पूर्ण करत होता, कागदोपत्री. त्याला पाचवीच्या अपूर्णांकांवर नेलं तेव्हा आधी त्याचा चेहरा उतरला, कारण पडद्याच्या कोपऱ्यात ‘इयत्ता ५’ असं दिसत होतं. ती पाटी लपवायची सोय त्या प्रोग्राममध्ये होती. लपवल्यावर तो सुखाने बसला. आता त्याला एका प्रश्नाला मिनिटभर लागायचं, मधेच तो शेजारच्याशी बोलायचा, वहीच्या मागच्या पानावर रणगाडा काढायचा. मी त्याला काही म्हटलं नाही.

इथली मुलं कंटाळली की सरळ सांगतात, “बोर अडिक्कुदु, मिस.” मराठी मुलंही दोन महिन्यांत तेच म्हणायला शिकतात. आपण मोठी माणसं कंटाळ्याला फार हलकं समजतो. मूल वैतागलं, रडकुंडीला आलं तर धावतो, कंटाळलं तर ‘बस गप’ म्हणतो. हा क्रम चुकीचा आहे, असं सांगणारं बरंचसं काम मनिलामध्ये झालं. फिलिपिन्समधल्या आतेनेओ द मनिला विद्यापीठाच्या मर्सिडीज रोद्रिगो, रायन बेकर, सिडनी डिमेलो आणि आर्थर ग्रेसर यांनी तीन वेगवेगळ्या प्रोग्रामवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती टिपली आणि २०१० मध्ये ती एकत्र मांडली. वैताग येतो आणि जातो. त्याचा शिकण्यावर फारसा वाईट परिणाम दिसला नाही. कंटाळा एकदा बसला की उठत नाही. आणि कंटाळलेलंच मूल पुढे जाऊन प्रोग्रामला फसवायला लागतं. वैतागलेलं मूल अजून त्या गणिताशी भांडत असतं, त्याचा त्या गणितावर जीव असतो. कंटाळलेल्याने भांडण सोडून दिलेलं असतं. म्हणून माझ्या तासाला कुणी माउस आपटला तर मला तितकी काळजी वाटत नाही.

वैतागाचं काम आपल्याकडे पवईत झालं, आणि ते मराठी वाचकांपर्यंत पोचलेलं नाही याची मला खंत वाटते. आयआयटी मुंबईत रामकुमार राजेंद्रन यांनी श्रीधर अय्यर आणि सहना मूर्ती यांच्या मार्गदर्शनाखाली ‘माइंडस्पार्क’ हा अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज संस्थेचा गणिताचा प्रोग्राम अभ्यासाला घेतला. कॅमेरा नाही, मनगटाला तारा नाहीत. मूल काय दाबतं, किती वेळाने दाबतं, एवढ्या नोंदींवरून ते वैतागलंय का हे ओळखायचं. त्यांनी आधी प्रश्न विचारला की मूल वैतागतं कधी? मनात धरलेलं काहीतरी हुकतं तेव्हा. माइंडस्पार्कमध्ये सलग काही उत्तरं बरोबर आली की ‘स्पार्की’ नावाचं बक्षीस मिळतं. दोन बरोबर आली आणि तिसरं चुकलं, तर मुलाचं एक उत्तर चुकलेलं नसतं, हातातोंडाशी आलेली स्पार्की गेलेली असते. हे जाणून त्यांनी हिशेब बसवला. २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि पुढे वैताग ओळखून मुलाला धीर देणारे संदेश दाखवायचीही त्यांनी सोय केली. मुलाच्या जागी बसून विचार केल्यावर यंत्रालाही थोडं शहाणपण देता येतं, याचं इतकं जवळचं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

पिट्सबर्गच्या लोकांनी पाट्या टाकणाऱ्यांसाठी एक कुत्र्याचं पिल्लू केलं होतं. स्कूटर त्याचं नाव. मूल नीट काम करतंय तोवर ते पडद्याच्या कोपऱ्यात खूश असायचं. मुलाने उत्तरं ओरबाडायला सुरुवात केली की रागवायचं, आणि ज्या पायऱ्या गाळल्या त्यांवरचाच जास्तीचा सराव समोर ठेवायचं. फसवणूक कमी झाली, आणि हा जास्तीचा सराव ज्यांना जास्त मिळाला ती मुलं अधिक शिकली. मुलांना मात्र ते पिल्लू फारसं आवडलं नाही. मला यातला सराव महत्त्वाचा वाटतो, राग नाही. गाळलेली पायरी मुलासमोर परत आणून ठेवणं हे कुठल्याही चांगल्या शिक्षकाचं काम आहे.

पिल्लं, नाणी, फटाके, टोप्या बदलणारे वाघ यांनी पडदा भरून टाकण्याचा सोस प्रोग्राम बनवणाऱ्यांनी आवरावा. कॅरी गॉडविन आणि ॲना फिशर यांनी बालवाडीच्या २४ मुलांना कधी चित्रांनी भरलेल्या खोलीत शिकवलं, कधी मोकळ्या भिंतींच्या. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जवळजवळ ३९ टक्के वेळ दुसरीकडे होतं, मोकळ्या खोलीत २८ टक्के, आणि शिकणंही मोकळ्या खोलीतच जास्त झालं. ती भिंत होती. आपली मुलं जिच्याकडे पाहतात ती चौकट हातभर अंतरावर असते आणि तिच्यातलं प्रत्येक चित्र हलतं.

तमिळनाडूत यंत्रांची टंचाई हे कारण फार पूर्वी मागे पडलं. सप्टेंबर २०११ मध्ये जयललिता सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली, आणि लाखो घरांत पहिला कॉम्प्युटर त्या योजनेतून आला. माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या मुलीचा तसा लॅपटॉप होता; तिने त्यावर अभ्यासही केला आणि सिनेमेही पाहिले. दोन्हींचा तिला हक्क होता असं मी मानते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मग अभ्यास फोनवर आला. कॅमेरा बंद, आवाज बंद, यादीत नाव चालू. ‘झूम’मध्ये तेव्हा कोण दुसऱ्या खिडकीत गेलंय ते दाखवणारी एक सोय होती, टीका झाल्यावर एप्रिल २०२० मध्ये कंपनीने ती काढून टाकली. काढली ते बरं झालं. कोण समोर आहे हे कळून काय उपयोग, त्याला समजतंय का हे कळत नसेल तर? आजही मुलांच्या डोळ्यांवर कॅमेरा रोखून ‘लक्ष’ मोजण्याचे प्रोग्राम शाळांना विकायला लोक येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मुलांच्या वागण्यावर अशी पाळत ठेवायला मुळात मनाई आहे, शाळांसाठी काही सवलती असल्या तरी. पडद्याकडे पाहणारे डोळे आणि शिकणारं डोकं यांच्यात किती अंतर असतं ते या लेखाच्या सुरुवातीच्या मुलाने दाखवलंच आहे.

फोनचं म्हणाल तर ‘असर’च्या २०२४ च्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हा आकडा वाचून माझ्या ओळखीच्या अनेक पालकांनी हाय खाल्ली. मी त्यांना ५७ कडे पाहायला सांगते. निम्म्याहून जास्त मुलं फोनवर शिकायचा प्रयत्न करतायत. त्या वेळात त्यांच्याजवळ कुणी बसतं का?

जवळ बसण्याने काय होतं याचा पुरावा दिल्लीत आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी तिथल्या सरकारी शाळांतल्या सहावी ते नववीच्या ६१९ मुलांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना माइंडस्पार्कच्या केंद्रात शाळेबाहेरच्या वेळात प्रवेश दिला. सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. प्रोग्रामने त्यांना त्यांच्या खऱ्या पातळीवर आणलं आणि साडेचार महिन्यांत गणितात, हिंदीतही, त्यांनी इतरांच्या मानाने मोठी मजल मारली. बातम्यांतून प्रोग्रामचं खूप कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण त्या केंद्रातली दीड तासाची वेळ कशी वाटलेली होती पाहा: पाऊण तास कॉम्प्युटर, आणि पाऊण तास डझन-पंधरा मुलांच्या गटात एक शिकवणारा माणूस. शाळा जेव्हा असे प्रोग्राम विकत घेतात तेव्हा पहिला पाऊण तास घेतात आणि दुसरा सोडून देतात. खर्च वाचतो आणि वर्षभरात सगळं फसतं, मग दोष मुलांच्या लक्षाला.

मी माझ्या तासात काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. एका यंत्रावर दोन मुलं असतील तर माउस एकाकडे आणि पेन दुसऱ्याकडे, आणि पेनवाल्याने वहीत पायरी लिहिल्याशिवाय माउसवाल्याने क्लिक करायचं नाही. दर दहा मिनिटांनी अदलाबदल. अंदाजाने ठोकलेली उत्तरं यात आपोआप कमी होतात, कारण वहीत अंदाज लिहायची मुलांना लाज वाटते. पंचवीस मिनिटांच्या वर एका बैठकीत पडदा नाही. उरलेला वेळ तेच गणित फळ्यावर. डायनासोर आला तर एक उडी मारून घ्यायची परवानगी आहे. आणि मी फेरी मारते ती शांत बसलेल्यांच्या बाजूने.

आता जूनमध्ये नव्या बदल्यांची मुलं येतील. कॉलनीतल्या आया मला काकू म्हणतात आणि पालकसभेच्या आधी विचारायला येतात की काय विचारायचं. मी सांगते, किती पाठ झाले ते विचारू नका. शाळेत जो प्रोग्राम वापरतात त्याची नोंद मागा, ती बहुतेक सगळ्यांत असते, आणि तिच्यात प्रत्येक प्रश्नाला लागलेल्या सेकंदांचा रकाना शोधा. सापडला की घरी मुलाला न दाखवता त्यातला एक प्रश्न स्वतः वाचून पाहा, घड्याळ लावून. तुम्हाला वाचायला लागले त्याहून कमी सेकंदांत त्याने तो सोडवला असेल, तर रागावू नका. तो धडा नेमका कुठल्या महिन्यात, कुठल्या गावी, कुठल्या शाळेत राहिला होता ते आठवा, आणि ते आम्हाला येऊन सांगा.